पोचण्याआधीची बातमी

गेली तीन वर्षं दर दुसऱ्या रविवारी आम्ही पाच जण कोथरूडमधल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये जमतो आणि संध्याकाळपर्यंत अंतराळात असतो. खेळाचं नाव 'ट्रॅव्हलर'. मार्क मिलर यांनी तो १९७७ साली गेम डिझायनर्स वर्कशॉप या अमेरिकन कंपनीतर्फे काढला. यात पट नसतो, सोंगट्या नसतात. फासे, कागद, ताऱ्यांचा नकाशा आणि बोलणं, एवढंच सामान. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि एकानं रेफरी व्हायचं. म्हणजे बाकीचं सगळं जग त्यानं सांभाळायचं: ग्रह, बंदरं, कस्टमवाले, हवामान, अफवा. आमच्याकडे हे काम माझ्याकडे आहे. मित्रांची नावं इथे लिहीत नाही, खेळातल्या हुद्द्यांवर भागवतो. आमच्याकडे एक पायलट आहे, एक इंजिनिअर, एक डॉक्टर आणि एक तोफवाली. खऱ्या आयुष्यात पाचही जण आयटीतलेच.

या खेळातला एक नियम मला पहिल्या दिवसापासून आवडला. 'ट्रॅव्हलर'च्या विश्वात प्रकाशापेक्षा वेगानं जाणारी जहाजं आहेत, पण प्रकाशापेक्षा वेगानं जाणारा फोन नाही. निरोप जहाजाच्या वेगानंच जातो. जहाज 'जंप' घेतं आणि उडी जवळची असो की लांबची, वेळ साधारण एक आठवडाच लागतो. मग सरकारी टपालासाठी 'एक्सबोट' नावाच्या लहान होड्या आहेत. त्या एका उडीत चार पार्सेक, म्हणजे तेरा प्रकाशवर्षं कापतात. त्यांना इकडेतिकडे फिरायचं इंजिनच नसतं. उडी संपली की नुसतं तरंगत राहायचं. मग एक मोठं जहाज येऊन त्यांना उचलतं, आणलेले निरोप पुढच्या तयार होडीत भरतं आणि ती होडी शक्य तितक्या लवकर उडी मारते. डाकचौकीवर घोडा बदलावा तसं. मुख्य मार्ग सोडून आत असलेल्या ग्रहांचं टपाल व्यापारी जहाजं नेतात. ते कंत्राट हवं असेल तर जहाजावर तोफ आणि तोफ चालवणारं माणूस लागतं, म्हणून आमच्याकडे तोफवाली.

हे गणित कागदावर मांडलं की लक्षात येतं, या साम्राज्यात 'आत्ता' असं काही नाहीच. राजधानीतली बातमी सरहद्दीवर पोचायला महिनेच्या महिने लागतात. तिथल्या सरदारानं आज काढलेला हुकूम ज्या सम्राटाच्या नावानं निघतो, तो सम्राट कदाचित उरलेलाही नसतो. कल्पनेतलंच कशाला? खोडदच्या जीएमआरटीच्या तीस अँटेना रात्रंदिवस जे ऐकतात, ती सगळी जुनी टपालंच आहेत.

मागच्या वर्षी जूनमधल्या एका रविवारी मी या नियमावर एक प्रसंग बेतला. आमच्या जहाजाकडे आडबाजूच्या एका खाणवस्तीचं टपाल होतं. त्यात एका बाईच्या नावे पत्र. तिचा मुलगा नौदलात होता आणि सहा आठवड्यांपूर्वी मारला गेला होता. हे आमच्या मंडळींना बंदरावरच्या बोलण्यातून कळलेलं. जहाज वस्तीवर पोचतं तेव्हा तिथे वर्षाचा सण सुरू असतो आणि या बाईनं त्याचा यजमानपणा घेतलेला असतो. पत्र आज द्यायचं की उद्या?

मला वाटलं होतं दहा मिनिटं बोलतील. दीड तास चालले. तोफवाली म्हणाली, "आपण टपालवाले आहोत, देऊन मोकळं व्हायचं." डॉक्टर म्हणाला, सहा आठवडे उशीर झालाच आहे, एका दिवसानं काय फरक पडतो? सगळ्यात जोरात बोलला तो पायलट. "एक दिवस हसू दे ना तिला. मुलगा तर परत येणार नाही. आपल्या हातात तेवढंच आहे." शेवटी मतं घेतली. तीन विरुद्ध एक. पत्र उद्या द्यायचं ठरलं. रात्र झाली होती म्हणून खेळ तिथेच थांबवला.

चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मला पायलटच्या काकांचा फोन आला.

तो फोन सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण हा प्रश्न मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला नव्हता. पुण्यात वाढलेल्या माणसाला पर्वती ठाऊक असते. शाळेच्या सहलीला आम्हाला तिथे नेलं तेव्हा बाईंनी सांगितलं होतं, नानासाहेब पेशवे इथे गेले, पानिपतच्या धक्क्यानं. तारीख २३ जून १७६१. मला तेव्हा वाटलं होतं, लढाई जानेवारीत आणि माणूस जूनमध्ये, मग धक्का कसला? त्या मधल्या काळाबद्दल मी बऱ्याच उशिरा वाचलं.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव पडले. विश्वासराव हा नानासाहेबांचा थोरला मुलगा, विशीचाही झाला नव्हता. नानासाहेब तेव्हा मदतीला म्हणून उत्तरेकडे निघाले होते आणि नर्मदेच्या आसपास होते. त्यांना कळलं २४ जानेवारीला, भेलशाच्या मुक्कामी. आणि ते सरकारी जासुदाकडून कळलं नाही. ग्रँट डफनं लिहिलं आहे की पानिपतहून औरंगाबादला नवव्या दिवशी पोचायच्या बोलीवर निघालेला एक सावकारी कासीद वाटेत पेशव्यांच्या माणसांना सापडला. त्याच्याकडचं पत्र दुसऱ्याच कुणाच्या नावाचं होतं. सावकारांनी आपल्या भाषेत लिहिलेलं: दोन मोती गेले, मोहरा गेल्या, चांदीतांब्याचा खुर्दा तर मोजण्यापलीकडे. बाजाराला हिशेब कळवणारं ते पत्र एका बापानं वाचलं.

पानिपत ते औरंगाबाद अंतर सरळ रेषेत मोजलं तरी हजार किलोमीटरच्या वर भरतं. नऊ दिवसांत ते कापणारं जाळं सावकारांनी उभं केलं होतं, कारण हुंडी कुठे वटेल आणि कुठे बुडेल हे आधी कळण्यावर त्यांचा धंदा होता. पेशव्यांचे जासूदही कच्चे नव्हते. महत्त्वाची पत्रं जोडीनं पाठवायची रीत होती, एक अडकला तर दुसरा पोचेल म्हणून. मी कामावर जे मेसेजिंगचं सॉफ्टवेअर लिहितो त्यातही हीच युक्ती आहे. पण अब्दाली ऑक्टोबर १७६० मध्ये बागपतजवळ यमुना उतरला आणि भाऊंच्या छावणीचा दक्षिणेचा रस्ता त्यानं धरला. त्यानंतर छावणीतून बाहेर आणि बाहेरून छावणीत निरोप जाणं दुर्घट झालं.

याच काळात, १७६० च्या डिसेंबरअखेरीस, नानासाहेबांनी पैठणला आणखी एक लग्न केलं. तिकडे उपासमार आणि इकडे अक्षता, असं म्हणून इतिहासकारांपासून कट्ट्यावरच्या गप्पांपर्यंत सगळ्यांनी त्यांना धारेवर धरलं आहे. मीही धरत असे. पण 'ट्रॅव्हलर' खेळायला लागल्यावर माझी भाषा अडखळायला लागली. 'तिकडे' आणि 'इकडे' हे शब्द एका वाक्यात घालायची सोय आपल्याला आहे, कारण आपण दोन्हीकडची पत्रं एका टेबलावर ठेवून वाचतो. पैठणमध्ये बसलेल्या माणसाला ते टेबल नव्हतं. त्याच्यापर्यंत आलेली पानिपतची बातमी नेहमी शिळी होती. १४ ते २४ जानेवारी हे दहा दिवस तो ज्या मुलाच्या मदतीला निघाला होता, तो मुलगा नव्हता. त्या दहा दिवसांत तो जेवला असेल, कुणावर तरी चिडला असेल, कदाचित हसलाही असेल. त्यात त्याचा दोष काय?

न पोचलेल्या बातमीबद्दल कुणाला दोषी धरता येत नाही, असं माझं मत बनलं होतं. पोचलेल्या बातमीनंतर तुम्ही कसे वागता, तेवढंच तुमचं. जानेवारी १८१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सला इंग्रज आणि अमेरिकन सैन्य लढलं, तेव्हा तहावर सह्या होऊन पंधरा दिवस झाले होते. कागद अटलांटिकमध्ये होता. मेलेल्या माणसांचा खुनी कोण? समुद्र, दुसरं कोण.

यात एक पळवाट आहे हे मला कामावरच्या अनुभवानं कळत होतं. दोन मशीन जोडली की ती ठराविक वेळानं एकमेकांना 'मी आहे' एवढंच कळवत राहतात. हे कळवणं थांबलं की समोरच्यानं 'बातमी आली नाही, म्हणजे सगळं ठीक' असं समजायचं नसतं. शांतता हीसुद्धा बातमीच असते. नानासाहेबांकडे पत्रं येत नव्हती, हे त्यांना दिसत होतं. रसदीचा आधार असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबरातच मारले गेले होते. तेव्हा दोष द्यायचाच असेल तर लग्नातल्या अक्षतांचा देऊ नये, त्या शांततेचा अर्थ लावण्यात झालेल्या दिरंगाईचा द्यावा. इतपत दुरुस्ती करून मी माझ्या मतावर खूश होतो. त्या सगळ्या विचारात पेशवा होता, सरदार होता, सावकार होता. कासीद नव्हता.

आता तो फोन. काका म्हणाले, "तू त्याच्याजवळच राहतोस ना? दादा गेले. सकाळी सहाला, घरीच. झोपेतच. त्याला सांगू नकोस. सीरियस आहेत, सोलापूरला नेलंय एवढंच म्हण. गाडी त्याच्या हातात देऊ नको. घेऊन ये." मी "हो काका" म्हणालो. दुसरं काही म्हणायचं सुचलंच नाही, कारण हे असंच करतात हे मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत असेल. आपल्याकडे फोनवर कुणी मरत नाही. फोनवर तब्येत जास्त असते. आजोबांच्या वेळी पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला असायचा, तो बघूनच वाचायला बसायचं की बसवायचं ते कळायचं. मग तार होती. तारेत 'सीरियस' आलं की घरातली बाई रडायलाच लागायची, कारण त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना पाठ होता. तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तिची भाषा राहिली.

पायलटचं गाव मोहोळजवळ. साडेनऊला हडपसर सोडलं. पहिला तासभर तो फोनवर होता. ऑफिसला रजा कळवली. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील आहेत की नाहीत ते एचआरकडून पक्कं करून घेतलं. पुण्यातल्या दोन हॉस्पिटलांत खाटेची चौकशी केली. काकांना फोन लावला. काका म्हणाले, "डॉक्टर आत आहेत, तू नीट ये," आणि ठेवला. बहिणीनं फोन उचलला नाही. पाटसच्या टोलला तो म्हणाला, "आज अॅडमिट ठेवू, उद्या कार्डिअॅक अॅम्ब्युलन्सनं पुण्याला हलवू. तुला सुट्टी मिळेल का उद्याची?" मी म्हणालो, मिळेल.

भिगवणला चहाला थांबलो. त्यानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मीच म्हणालो, खाऊन घे, तिथे गेल्यावर धावपळ होईल. मला माहीत होतं की तिथे गेल्यावर आज त्या घरात चूल पेटणार नाही. त्यानं दोन वडापाव खाल्ले. खाताना रविवारचा विषय निघाला. त्यानं तोफवालीची नक्कल केली आणि हसला. मीही हसलो. त्या वेळी माझ्या डोक्यात त्याचंच वाक्य होतं, एक दिवस हसू दे. मला वाटलं, याचं मत मला ठाऊक आहे. मी त्याच्या मनासारखंच करतो आहे.

दीडला पोचलो. गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती, टोप्या काढून. तो गाडी थांबायच्या आत उतरला.

तेराव्यानंतर तो पुण्याला आला. रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. मी एकदा त्याच्या खोलीवर गेलो. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्यानं विचारलं, "तुला निघतानाच माहीत होतं ना?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "वडापाव खाल्ला रे मी."

मी काकांचं सांगितलं. काळजीपोटी, गाडी चालवताना काही होऊ नये म्हणून वगैरे. तो शांतपणे म्हणाला, "गाडी तूच चालवत होतास." मग मी ते काढलं जे काढायला नको होतं. खाणवस्तीतल्या बाईबद्दल तूच म्हणाला होतास, हसू दे म्हणून. तो म्हणाला, "तेव्हा मी पोचवणारा होतो."

या वाक्यावर मी महिनोन्महिने विचार करतो आहे. त्यात वाद जिंकायचा आव नव्हता. त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं. पत्र हातात असलेल्याला उशीर नेहमी दया वाटते. पत्र ज्याच्या नावाचं आहे त्याला तो उशीर नंतर दिसतो, आणि मग मागच्या प्रत्येक घासाचा, प्रत्येक फोनचा अर्थ बदलतो. त्या चार तासांत त्यानं मेलेल्या वडिलांसाठी खाट शोधली. मी शेजारी बसून ती शोधू दिली.

नानासाहेबांच्या दहा दिवसांना आणि त्याच्या चार तासांना मी एका मापानं मोजत होतो, तिथे चुकलो. पहिला उशीर अंतराचा आहे. तो कुणी केलेला नसतो, त्याबद्दल कुणावर रागावता येत नाही. म्हणूनच नंतर आठवताना तो सोसता येतो: मला कळणं शक्यच नव्हतं. दुसरा उशीर माणसाचा असतो. तिथे बातमी पोचलेली असते, फक्त शेजारच्या सीटवर अडकलेली असते. ती कापायला आठवडा नको, जंप नको, एक वाक्य पुरतं. बहिणीचं न उचलणं, काकांचं घाईनं ठेवणं या सगळ्या शांततेचा अर्थ लावण्याइतका तो हुशार होता. त्यानं तो लावू नये म्हणून मीच मधे बसून खात्री देत होतो. अब्दालीनं रस्ता धरला होता तसा.

रूढीच्या बाजूनंही बोलायला हवं, कारण ती मूर्खपणातून आलेली नाही. तारेच्या काळात ज्याला निरोप जायचा तो मुंबईच्या चाळीत एकटा असायचा. रात्रीची एसटी किंवा पॅसेंजर धरून बारा तास त्याला एकट्यानं यायचं असायचं. खरं कळलं तर तो वाटेत कोसळेल आणि सावरायला कुणी नसेल, या भीतीपोटी 'सीरियस' हा शब्द आला. तो शब्द दूरच्या माणसासाठी केलेला होता. पायलट एकटा नव्हता. रूढी ज्याच्यासाठी आहे तो माणूस समोर आहे का, हे न बघता मी ती वापरली. खरं सांगायचं तर माझ्या सोयीसाठी वापरली. सांगितलं असतं तर चार तास मला त्याच्या रडण्याशेजारी गाडी चालवावी लागली असती. काकांचा हुकूम मला सोयीचा होता.

मग पोचवणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही का? येतं. जागा ठरवता येते. रस्त्याच्या कडेला गाडी घ्यायला लागतील तेवढी मिनिटं त्याची. शब्द ठरवता येतात, आधी पाणी द्यायचं की नाही ते ठरवता येतं. पण बातमी त्याची नाही. कामावर आमच्या सिस्टिममध्ये निरोप नेणाऱ्या भागानं निरोप उघडून बघायचा नसतो, आणि समोरच्यानं पोच दिल्याशिवाय आपलं काम झालं असं मानायचं नसतं. मी हा नियम कितीदा कोडमध्ये लिहिला आहे.

पोचल्यावर पुढे काय, हे मात्र घेणाऱ्याचं. इथे मला पार्वतीबाई आठवतात, सदाशिवरावभाऊंच्या पत्नी. त्या स्वतः पानिपतावर होत्या आणि जिवंत परत आल्या. भाऊ गेले हे त्यांना सगळ्यांनी सांगितलं. त्यांनी मानलं नाही, वैधव्य घेतलं नाही. भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, १७७६ मध्ये त्याचा शेवट झाला, तरीही नाही. १७८३ मध्ये त्या गेल्या. म्हणजे पुरी बावीस वर्षं त्यांनी ती बातमी दाराबाहेर उभी ठेवली. लोक याला भ्रम म्हणतात. मला आता तसं म्हणवत नाही. त्यांना सांगितलं गेलं होतं, आणि न मानण्याचा निर्णय त्यांचा होता. पायलटला मी असा कुठलाच निर्णय दिला नाही. मानायचा नाही, न मानायचाही नाही.

साडेपाच महिन्यांनी, नोव्हेंबरच्या एका रविवारी, तो परत आला. काही बोलला नाही. नेहमीच्या जागी बसला, पात्राचा कागद काढला. जहाज अजून खाणवस्तीवर उभं होतं. खेळातलं जग आम्ही तिथेच थांबवलं होतं. सणाची संध्याकाळ, बाई पंगतीत वाढते आहे, पत्र सीलबंद. मी रेफरी म्हणून विचारायचं ते विचारलं, "काय करता?"

मत झालेलं होतं, तीन विरुद्ध एक. कुणी त्याची आठवण काढली नाही. पायलट म्हणाला, "मी उतरतो. तिला बाजूला बोलावतो." मग थोडं थांबून म्हणाला, "तिचं वाढून होईपर्यंत थांबायचं नाही."

मी फासे उचलले नाहीत. या कामाला फासे लागत नाहीत.